मीनाकामासाठी सोने निवडताना : ९१६ मधले उरलेले ८४ भाग कशाचे?

करवीरसराफ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या गुजरीत आमची छोटी पेढी असून काम मुख्यतः पारंपरिक दागिन्यांचे, म्हणजे साज, ठुशी, चिंचपेटी आणि मोहनमाळ यांचे चालते. साजाच्या पानांवर आजवर आम्ही जो लाल-हिरवा रंग भरत आलो, तो बाजारात सर्रास मिळणारा थंड मीना होता, म्हणजे राळेच्या जातीचे रसायन सुईने भरून ते ओव्हनच्या मंद उष्णतेवर सुकवायचे. आता एका गिऱ्हाईकाने भट्टीत भाजलेला, काचेचा खरा मीनाच हवा असे सांगितले आहे. सोने २२ कॅरेटचे आणि हॉलमार्कचे असावे, ही त्यांची दुसरी अट आहे.

आमच्या नेहमीच्या २२ कॅरेट सोन्याची काही पाने नमुन्यादाखल मीनाकारांकडे दिली होती. हिरवा रंग बसला, पण त्यात बारीक बुडबुडे दिसतात. पारदर्शक लाल रंग तपकिरी पडला आणि दोन दिवसांनी कडेने टवके निघू लागले. १८ कॅरेटच्या गुलाबी सोन्याच्या एका तुकड्यावर तर काचेखाली काळपट ढगच दिसतो. मीनाकारांचे म्हणणे असे की रंग आणि भट्टी तीच असून दुसऱ्यांच्या सोन्यावर काम नीट होते, म्हणून दोष सोन्यात आहे. सोने गाळणाऱ्याचे म्हणणे असे की टंच (शुद्धतेचा आकडा) बरोबर ९१६, म्हणजे २२ कॅरेटचाच येतो, मग दोष सोन्यात असेल कसा?

तेव्हा मीनाकामासाठी सोन्याचे मिश्रण नेमके कसे असावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

जुनी_मूस

आपल्या गाळणाऱ्याचे म्हणणे खरे आहे आणि मीनाकारांचेही खरे आहे. टंच काढला की हजार भागांत ९१६ भाग सोने आहे एवढेच कळते. उरलेले ८४ भाग कशाचे आहेत, यावर टंचाचा आकडा काहीच बोलत नाही, आणि मीना बिघडतो तो नेमका त्या ८४ भागांमुळे. म्हणून पहिला प्रश्न मी आपल्यालाच विचारतो, की चोख सोन्यात आपण चांदी-तांबे स्वतः तोलून घालता, की बाजारातला तयार अलॉय, म्हणजे आयता मिश्रधातू घालता?

आमच्या पिढीला हा प्रश्न पडत नसे, कारण मिश्रणाला चांदी आणि तांबे याशिवाय तिसरे काही मुशीत पडतच नव्हते. आता पाकिटातून येणारा अलॉय सोयीचा असतो, सोन्याला रंग छान येतो, कास्टिंग चकचकीत निघते, त्यामुळे सर्वांनीच तो स्वीकारला आहे. पण तो मीन्यासाठी बनवलेला नसतो.

करवीरसराफ

काका, तयार अलॉयच वापरतो. पुरवठादाराकडे चौकशी केली, तेव्हा त्यात तांबे व चांदीबरोबर जस्त आणि थोडे सिलिकॉन असल्याचे समजले. हे दोन्ही कशासाठी घातलेले असतात, आणि मीन्याला त्यांचा नेमका त्रास काय?

पंचगंगा

धातुशास्त्र शिकलो असल्याने या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर देतो.

जस्त आणि सिलिकॉन हे दोन्ही ओतकामाच्या सोयीसाठी असतात. वितळलेल्या धातूतला ऑक्सिजन ते आधी स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे तांबे काळे पडत नाही, ओतीव वस्तू उजळ निघते आणि धातू साच्याच्या बारीक कोपऱ्यांत पोहोचतो. मीन्याच्या भट्टीत मात्र हेच गुण आड येतात. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. मीना साधारण ७५० ते ८५० अंशांवर भाजला जातो. मिश्रणात बांधलेले असले तरी त्या तापमानाला थोडे जस्त पृष्ठभागातून बाष्परूपाने सुटते, वरची काच त्याच वेळी पातळ झालेली असल्याने ते तिच्यात अडकते आणि बुडबुडे तयार होतात. जे सुटत नाही ते पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर करते व काचेची पकड सैल करते. सिलिकॉनचेही तसेच आहे. त्याचा पातळ, चिवट थर धातूवर राहतो, आम्लाने तो सहज निघत नाही आणि काच धातूला न चिकटता त्या थराला चिकटते. आपल्या पानांचे टवके कडेने निघत आहेत, याचा अर्थ काच स्वतः तुटत नसून पकड सुटत आहे, असा माझा अंदाज आहे. टवका निघालेल्या जागी खाली स्वच्छ धातू दिसतो की मळकट थर, हे भिंगाखाली पाहून कळवावे.

आता ज्यांचा उपयोग होतो त्या धातूंबद्दल. चोख सोने १०६४ अंशांना वितळते. चांदी ९६२ अंशांना आणि तांबे १०८५ अंशांना वितळते, पण तिघांचे मिश्रण केले की वितळबिंदू या तिन्ही आकड्यांच्या सरासरीवर येत नाही, पुष्कळदा त्यापेक्षा बराच खाली जातो. त्याचे कारण असे की चांदी व तांबे एकमेकांत पूर्णपणे मिसळत नाहीत आणि ७२ भाग चांदी व २८ भाग तांबे या प्रमाणात त्यांचे मिश्रण ७७९ अंशांनाच वितळते. सोन्याचे प्रमाण जसे कमी होते, तसा या जोडीचा प्रभाव वाढतो.

२२ कॅरेटमध्येच किती फरक पडतो ते पाहावे. शेकडा ५.५ चांदी व २.८ तांबे घातले, तर मिश्रण ९९५ अंशांना वितळू लागते आणि १०२० अंशांना पूर्ण पातळ होते. ३.२ चांदी व ५.१ तांबे घेतले, तर हेच आकडे ९६४ व ९८२ होतात. केवळ तांबेच ८.४ भाग घातले, तर ९२६ व ९४०. तिन्ही मिश्रणे कसोटीवर २२ कॅरेट आहेत, तिन्हींना तोच हॉलमार्क मिळेल, पण भट्टीत पहिल्या आणि तिसऱ्या मिश्रणात सुमारे ७० अंशांची तफावत आहे. मीन्याला नेहमी जो पहिला आकडा पाहायचा, तो वितळू लागण्याचा. कारण त्याच्या बरेच खाली असतानाच पातळ पत्रा लवू लागतो.

१८ कॅरेटमध्ये १६ भाग चांदी व ९ भाग तांबे असलेले पिवळे सोने ८९५ अंशांपासून वितळू लागते, दोन्ही साडेबारा घेतल्यास ८८५ पासून. १४ कॅरेटमध्ये ३० भाग चांदी व ११.५ भाग तांबे घेतले, तर ८२० अंशांनाच सुरुवात होते. म्हणजे कठीण जातीचा मीना ज्या तापमानाला भाजायचा, तेथेच सोने बसू लागेल. परदेशात १४ कॅरेटवरही मीना करतात, पण ते सोप्या जातीच्या, कमी तापमानाच्या काचेने आणि फार सावधपणे.

मीनाकला

वरील माहिती अगदी योग्य आहे. मी भट्टीवर प्रत्यक्ष काम करते, म्हणून रंगांच्या बाजूने भर घालते.

तांब्याचा त्रास वितळबिंदूपुरता नाही. भट्टीतल्या हवेत तांबे पृष्ठभागावर येऊन काळे पडते. अपारदर्शक रंगाखाली ते लपून जाते, म्हणून अनेकांना वाटते की आपले सोने चालले. पारदर्शक रंगाखाली मात्र ते लपत नाही. हिरवा मळकट होतो, निळा काळपट दिसतो आणि लाल तर तपकिरीच होतो. आपल्या गुलाबी सोन्यावरचा काळा ढग म्हणजे बव्हंशी तांब्याचे ऑक्साइड आहे.

चांदीचा स्वभाव वेगळा. ती भट्टीत काळी पडत नाही, परंतु काही लाल, गुलाबी आणि दुधी रंगांवर तिचा परिणाम होऊन ते पिवळट-तपकिरी पडतात. चांदीच्या दागिन्यांवर लाल रंगाखाली आधी रंगहीन काचेचा एक थर भाजून घेतात तो त्याचसाठी. चोख सोन्यावर हा थर लागत नाही. जयपूरचा प्रसिद्ध लाल मीना सोन्यावर जसा पेटतो तसा चांदीवर पेटत नाही, याचे कारण काचेच्या तळाशी असलेल्या या धातूच्या वागण्यात आहे.

म्हणून माझे मत असे की लाल हवा असेल तर मिश्रणात तांबे शक्य तितके कमी ठेवावे, आणि चांदी ठेवावी ती बेताने. पंचगंगा यांनी दिलेले ५.५ आणि २.८ हे प्रमाण मला वापरायला चांगले वाटते. हिरवा आणि निळा हेच मुख्य रंग असतील, तर तांबे पूर्ण वगळून केवळ चांदी घातली तरी चालते. सोने किंचित हिरवट दिसते, पण त्या रंगांखाली ते शोभते.

चोवीसकॅरेट

एवढा खटाटोप कशाला? मीना हे मुळात चोख सोन्याचे काम आहे. आमेरचे राजा मानसिंह यांनी लाहोरहून मीनाकार आणून जयपूरच्या परंपरेचा पाया घातला असे सांगतात, आणि ते जुने काम चोख किंवा जवळजवळ चोख सोन्यावरच झाले. तांबे नाही, चांदी नाही, काळे पडणे नाही, १०६४ अंशांपर्यंत भीती नाही. आपण पानांपुरते चोख सोने घ्यावे आणि बाकी साज २२ कॅरेटचा करावा.

जुनी_मूस

तुमचे म्हणणे काचेपुरते शंभर टक्के खरे आहे. पण जयपूरच्या जुन्या दागिन्याची जाडी पाहा आणि आपल्या साजाच्या पानाचा पत्रा पाहा. तिथे जाड पाटीत खड्डा कोरून त्यात मीना भरलेला असतो, आणि बहुतेक वेळा मीना मागच्या बाजूला व पुढे कुंदन असते, म्हणजे दोन्हीकडून दागिना भरलेला. आपले पान ठशावर ठोकलेले, पोकळ आणि पाठीमागे लाख भरलेले असते. चोख सोन्याचे असे पान गळ्यात वापरताना दाबले जाते, पत्रा लवला की काच तडकते, कारण काचेला लवणे माहीत नाही. पत्रा जाड केला तर वजन वाढते आणि गिऱ्हाईक हिशेब ऐकून दुसऱ्या पेढीवर जाते. मीन्याला जितके मऊ सोने आवडते तितके वापरणाऱ्याला आवडत नाही, हा जुना झगडा आहे, आणि २२ कॅरेट ही त्यातली तडजोड आहे.

पंचगंगा

जुनी मूस यांच्या मुद्द्यात पसरणाचे गणितही आहे. एका अंशाला दशलक्षांत सोने सुमारे १४ भाग, तांबे साडेसोळा आणि चांदी १९ भाग पसरते. मीन्याची काच धातूपेक्षा थोडी कमी पसरणारी असावी लागते. थंड होताना धातू जास्त आकसतो, काचेला सर्व बाजूंनी दाबून धरतो, आणि दाब काचेला सोसतो. ताण सोसत नाही. पत्रा पातळ असेल तर हा दाब धातूलाच वाकवतो, पान पाठीकडून बाकदार होते आणि काच फुटते. म्हणून पातळ पत्र्याला पाठीकडूनही मीन्याचा एक थर देतात, म्हणजे दोन्हीकडचा जोर बरोबरीचा राहतो. साजाच्या पानाला हा उलट मीना दिलाच पाहिजे, नाहीतर मिश्रण कितीही उत्तम असले तरी उपयोग नाही.

पुणेकर_डिझायनर

माझे काम १८ कॅरेटमध्ये असते आणि गिऱ्हाईकांना गुलाबी सोने हवे असते. त्याला काही मार्ग आहे का? पांढऱ्या सोन्याचे काय?

पंचगंगा

गुलाबी सोन्यात तांबे वीस टक्क्यांच्या आसपास असते. काळे पडणे हा त्याचा एक दोष, पण दुसरा कमी लोकांना माहीत असतो. सोने आणि तांबे या प्रमाणात असले की सुमारे ४१० अंशांखाली त्यांचे अणू ठरावीक जागा घेऊन बसतात आणि धातू कठीण व ठिसूळ होतो. सोनार गुलाबी सोने तापवल्यावर पाण्यात विझवतो, ते हे होऊ नये म्हणून. मीना भरलेला दागिना पाण्यात विझवता येत नाही, काच त्याच क्षणी उडेल. हळूहळू थंड होऊ दिला तर धातू कठीण होतो आणि त्यात आतला ताण राहतो. तेव्हा गुलाबी सोन्यावर पारदर्शक मीना करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. गुलाबी भाग वेगळा ठेवावा, मीन्याचा भाग पिवळ्या सोन्यात करून नंतर पेचाने किंवा कडीने जोडावा.

पांढऱ्या सोन्यात निकेलचे मिश्रण टाळावे. पॅलेडियमचे पांढरे सोने चालते. ते बरेच उंच तापमानाला वितळते आणि भट्टीला भीत नाही. १८ कॅरेटमध्ये मला सर्वांत आवडते ते मात्र केवळ चांदी घातलेले, तांबे नसलेले फिकट हिरवट सोने. त्याचा वितळबिंदू १००० अंशांच्या वर राहतो आणि भट्टीतून ते जवळजवळ स्वच्छ बाहेर येते. मऊ असते, एवढी एकच तक्रार.

करवीरसराफ

सर्वांचे आभार. टवक्याखाली भिंगातून पाहिले, करडा थर आहे. म्हणजे तयार अलॉय बंद. आता स्वतः मिश्रण करायचे ठरवले, तर प्रमाण कसे धरू? आणि जुन्या मिश्रणाची पाने तयार आहेत, ती वाचवता येतील का?

जुनी_मूस

दहा ग्रॅम चोख सोन्यात सहाशे मिलिग्रॅम चोख चांदी आणि तीनशे मिलिग्रॅम तांबे घाला. एकूण दहा ग्रॅम नऊशे मिलिग्रॅम होईल. येथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. मूळ सोने ९९९ टंचाचे असेल तर हे मिश्रण ९१६ च्या जेमतेम वर येते. बाजारात ९९५ चे सोनेही चोख म्हणूनच विकले जाते. ते घेऊन हेच प्रमाण धरले तर टंच ९१२ आणि ९१३ च्या दरम्यान येईल आणि हॉलमार्कला दागिना नापास होईल. ९९५ चे असेल तर मिश्रण त्या प्रमाणात कमी करा. तांबे विजेच्या तारेचे चालते, पण तिच्यावर कथलाचा मुलामा नसावा.

चांदी व तांबे आधी एकत्र गाळून घ्यावे आणि मग सोन्यात घालावे, म्हणजे तांबे जळून कमी होत नाही. मूस नवी असावी, किंवा निदान तयार अलॉयला वापरलेली नसावी. टाकणखार नेहमीसारखा. ओतलेली कांडी नीट ठोकून, मध्ये मध्ये तापवून पत्रा ओढावा. मीन्याच्या कामाला कास्टिंगपेक्षा ओढलेला पत्रा केव्हाही चांगला, कारण ओतीव वस्तूच्या आत बारीक छिद्रे राहतात आणि भट्टीत त्यांतली हवा काचेतून वर येते.

तयार पानांचे म्हणाल तर ती गाळून नव्याने करावीत हे बरे.

मीनाकला

थोडी असहमती. त्या पानांत सिलिकॉन नसता, तर मी वाचवण्याचा प्रयत्न केला असता. केवळ तांब्याचा त्रास असेल तर पान साधारण लालसर होईपर्यंत तापवायचे, थंड करून पातळ गंधकाम्लात टाकायचे, धुवायचे, पुन्हा तापवायचे. प्रत्येक वेळी पृष्ठभागावरचे तांबे काळे होऊन आम्लात विरघळते आणि वर सोन्याचे प्रमाण वाढत जाते. तापवूनही पान काळे पडेनासे झाले की थांबायचे. २२ कॅरेटला हे लवकर जमते, १८ कॅरेटला वेळ लागतो, १४ कॅरेटला केले तर वरचा थर स्पंजासारखा पोकळ होतो आणि त्यावर काचेत बुडबुडे येतात.

हे खोदकाम पूर्ण झाल्यावरच करावे. कारण कोरणीने नवा काप दिला की आतले मूळ मिश्रण उघडे पडते. नंतर पॉलिश यंत्रावर धरू नये, ते सर्व वरचा थर घेऊन जाते; काचतंतूच्या ब्रशने पाण्याखाली घासावे. त्यानंतर बोट लावू नये. घामाच्या तेलकटपणाचाही डाग काचेखाली राहतो. मीना भाजल्यानंतर मात्र आम्ल जपून वापरावे, विशेषतः शिशाच्या काचेला ते चाटते आणि चमक जाते.

आणखी एक. मीन्याची पूड खलात घोटल्यावर पाण्यातला दुधाळपणा जाईपर्यंत धुतलीच पाहिजे. अनेकदा दोष पुडीचा असतो आणि बोल सोन्याला लागतो. आपण पूड कशी धुतली जाते, हे मीनाकारांना एकदा विचारावे, असे मी सुचवेन. त्यांचा राग येण्याचा धोका पत्करून.

हुपरीकर

आमचे काम चांदीचे असल्याने सोन्यावर बोलण्याचा अधिकार नाही, पण नमुन्यांबद्दल एक सुचवतो. पुष्कळ जण सोने महाग म्हणून नमुना तांब्यावर करतात. तांबे काळे पडते, पसरण वेगळे, रंगाची खालची चमक वेगळी, त्यामुळे तो नमुना सोन्याबद्दल फारसे काही सांगत नाही. चोख चांदीच्या पत्र्यावर करावा. निळा आणि हिरवा त्यावर बराच खरा दिसतो. लाल मात्र सोन्याच्याच तुकड्यावर पाहावा लागेल. ९२५ ची चांदी नमुन्याला घेऊ नये. तिच्यातले तांबे आतपर्यंत काळवंडते आणि ती ८०० अंशांच्या जरा वर वितळू लागते.

पंचगंगा

नमुन्याबद्दल उत्तम सूचना. त्यात एवढीच भर, की नव्या मिश्रणाचा तुकडा आधी मीना न भरता भट्टीत तेवढ्याच तापमानाला, तेवढ्याच वेळा घालून पाहावा. पानावर तीन रंग असतील तर तितक्या वेळा भट्टी लागणार आहे, कारण कठीण रंग आधी आणि नाजूक रंग शेवटी भाजतात. जयपूरच्या पद्धतीत लाल सर्वांत शेवटी येतो. कोरा तुकडा किती काळा पडतो, लवतो का, पृष्ठभागावर फोड येतात का, हे एका संध्याकाळी कळते.

करवीरसराफ

एक राहिलेच. पानाच्या मागे कडी झाळलेली असते आणि काही पानांना कडेने तारेची नक्षी असते. झाळ, म्हणजे सांधा जोडणारा धातू, कोणती वापरावी?

जुनी_मूस

हा प्रश्न आधी यायला हवा होता, कारण निम्मे काम येथेच फसते. केडीएम झाळ मुळीच नको. त्यातले कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, म्हणजे मीन्याच्या भट्टीच्याही खाली. दागिना भट्टीत गेला की झाळ पुन्हा पातळ होईल, कडी सुटेल, काचेत फोड येतील आणि तो विषारी धूर कारागिराच्या छातीत जाईल. एरवीही ती झाळ सोडून द्यावी.

झाळ सोने, चांदी आणि तांबे यांचीच, जस्ताशिवाय, आणि भट्टीच्या तापमानापेक्षा चांगली पन्नास-साठ अंश वर वितळणारी असावी. आपले ५.५ व २.८ चे सोने ९९५ पर्यंत दम धरते, त्यामुळे मध्ये पुरेशी जागा मिळते. केवळ तांब्याचे २२ कॅरेट घेतले तर झाळणाऱ्याचा हात थरथरेल. झाळेचा टंचही दागिन्याच्या टंचात धरला जातो, तेव्हा ती अगदी हलक्या कॅरेटची करून चालणार नाही आणि लावायची तीही मोजकीच. शक्यतो झाळ मीन्याच्या खाली येऊच देऊ नये. कडी अशा जागी घ्यावी जेथे पाठीला मीना नाही. तारेची नक्षी असेल तर ती झाळण्याऐवजी तार पहिल्या काचेच्या थरातच बसवून भाजता येते, त्याने झाळेचा प्रश्नच मिटतो.

पुणेकर_डिझायनर

लेझर वेल्डिंगने कडी जोडली तर? तेथे झाळच नसते.

जुनी_मूस

चालेल. जुन्या मीन्याच्या दागिन्याची डागडुजीही आता तशीच करावी. फुंकणी किंवा टॉर्च घेऊन कोणी जवळ गेले की मीना गेला.

मीनाकला

साजासाठी कामाचा क्रमही सांगून ठेवते, कारण धागाकर्त्यांचा पहिलाच प्रसंग आहे. पान ठोकणे, खोदणे, कडी झाळणे, आम्लाने उजळणे, मग पाठीचा आणि पुढचा मीना, मग घासून सपाट करणे आणि शेवटची चमक देणारी भट्टी. लाख त्यानंतर. लाख भरलेले पान कोणी भट्टीत घालणार नाही, पण दुरुस्तीला आलेल्या जुन्या साजाच्या बाबतीत पाठीमागे थोडी लाख उरल्याचे लक्षात येत नाही आणि ती जळून सगळी काच काळी करते. लाख भरतानाही पान एकदम गरम करू नये. माणिक आणि पाचू यांची पाने शेवटी घ्यावीत. पाचूला भट्टीची उष्णता अजिबात सोसत नाही.

पाठीला उलट मीना दिला की लाखेला पकड कमी मिळते, म्हणून पाठीच्या कडेला एक बारीक धार ठेवायला ठोकणाऱ्याला सांगावे.

करवीरसराफ

हॉलमार्कसाठी मीन्याच्या आधी पाठवू की नंतर?

जुनी_मूस

मी आधी तपासून घेतो. यंत्राचा किरण काचेवर पडला तर तो काचेतलीच मूलद्रव्ये मोजणार, आणि भट्टीने तपासायचे ठरले तर तयार मीन्यातून नमुना कापणे कोणालाच परवडत नाही. त्यातही एक गंमत आहे. आम्लाने उजळलेल्या पानाचा पृष्ठभाग चोख सोन्याच्या जवळ गेलेला असतो, त्यामुळे वरवरच्या किरणाला टंच खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून उजळण्यापूर्वीचाच टंच खरा धरावा. कुंदन, पोलकी आणि जडाऊ यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. साधे मीन्याचे पान त्यात बसते असे परस्पर गृहीत धरू नये. सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) कोठे कोरायचा, ती जागाही मीन्याविना सोडावी.

हुपरीकर

आणि बिघडलेली पाने गाळताना काय काळजी घ्यावी? काच टाकणखाराबरोबर वर येते ना?

पंचगंगा

काच वर येते, पण मीना शिशाचा असेल तर त्यातले थोडे शिसे सोन्यात उतरू शकते. अगदी अल्प शिशानेही सोने ठिसूळ होते आणि पत्रा ओढताना कडेने फाटते. म्हणून मीना लागलेली मोड इतर मोडीत मिसळू नये, मुशीत थेट घालू नये. काच शक्य तितकी ठोकून काढावी, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मुखपट्टी ठेवून, आणि उरलेले सोने शुद्धीकरणाला द्यावे. चोख होऊन आलेले तेच सोने पुन्हा वरच्या प्रमाणाने गाळता येईल.

करवीरसराफ

समजले. ठरवलेले असे : ९९९ चे सोने, ५.५ व २.८ चे मिश्रण, ओढलेला पत्रा नेहमीपेक्षा थोडा जाड, जस्ताविना झाळ, पाठीला उलट मीना, आणि आधी कोरा तुकडा भट्टीत. जुनी पाने शुद्धीकरणाला देत आहे. गिऱ्हाईकाला वजनाचे कसे सांगावे, एवढेच शेवटचे विचारतो, कारण दोन्ही बाजूंचा मीना धरला तर काचेचे वजन बरेच होते.

जुनी_मूस

मीना भरण्यापूर्वी, हॉलमार्कहून आल्यावर, प्रत्येक पान गिऱ्हाईकासमोर तोला आणि चिठ्ठीवर लिहून त्यांची सही घ्या. मीन्यानंतर पुन्हा तोला. सपाट घासताना काठाचे थोडे सोनेही जाते, तेव्हा दोन वजनांतला फरक म्हणजे काटेकोर काचच असे सांगू नका. बिलावर सोन्याचे वजन, एकूण वजन आणि मीन्याची मजुरी या तीन वेगळ्या ओळी असू द्या. लाखेचे वजन चौथ्या ओळीत.